पिकअप बदलायच्या आधी गिटारची मान बघा

तुमची अडचण थोडक्यात पुन्हा मांडतो. रत्नागिरीत राहता, नोकरी सांभाळून वाजवता. घरी फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर (थोडक्यात स्ट्रॅट) पद्धतीची, इंडोनेशियात बनलेली, चार वर्षांपूर्वी चौदा हजारांना घेतलेली गिटार आहे. ती सुरात राहत नाही. जाड ई तार पहिल्या पाच-सहा फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांवर) खरखरते. बाराव्या फ्रेटच्या पुढे गेलं की सूर चढा लागतो. अ‍ॅम्पमधून सतत गुणगुण येते आणि पावसाळ्यात तारा गंजतात. यावर एकाने दहा हजारांचे पिकअप (तारांचं कंपन उचलणारे चुंबकी भाग) बसवायचा सल्ला दिलाय, दुसऱ्याने ही विकून तीस-पस्तीस हजारांची नवी घ्यायचा.

सध्या दोन्ही करू नका. तुमच्या पाच तक्रारींपैकी चारांचा पिकअपशी संबंधच नाही आणि पाचवीचा, म्हणजे गुणगुणीचा, अर्धाच आहे. नवी गिटारसुद्धा खोक्यातून काढल्यावर सेटअप (मान, तारांची उंची वगैरे नीट लावणं) न करता वाजवलीत तर दोन पावसाळ्यांत याच ठिकाणी येऊन थांबेल. त्यामुळे आधी हातातली गिटार नीट लावून घ्या, महिनाभर वाजवा आणि मग पैशाचा विचार करा.

इलेक्ट्रिक गिटारमध्ये सहज बदलता न येणारी वस्तू एकच असते, ती म्हणजे मान. पिकअप, पॉट (आवाज कमी-जास्त करायची बटणं), ब्रिज (बॉडीवर तारा टेकतात तो भाग), कीज (तारा ताणायच्या खुंट्या) हे सगळं स्क्रू काढून बदलता येतं. फेंडर पद्धतीत मानही चार स्क्रूंवरच बसलेली असते हे खरं, पण चांगली सुटी मान आणून बसवायची तर तुमच्या अख्ख्या गिटारएवढा खर्च होतो. म्हणून गिटार ठेवायची की विकायची हा निर्णय मानेवरून घ्यायचा.

मान तपासायला यंत्र लागत नाही. गिटार सुरात लावा. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावा आणि मान जिथे बॉडीला मिळते तिथल्या फ्रेटवर जाड ई दाबून धरा. आता ती ताणलेली तार हीच तुमची पट्टी. आठव्या फ्रेटच्या माथ्यावर आणि तारेखाली किती फट दिसते ते बघा. साधारण पाव मिलिमीटर, म्हणजे ०.२५ च्या आसपास हवी. मोजायला फीलर गेज लागतो. बाइकचे टॅपेट सेट करणाऱ्या कुठल्याही मेकॅनिककडे असतो, ऑटो पार्ट्सच्या दुकानात विकतही मिळतो. फट अजिबात नसेल, तार फ्रेटला टेकलेलीच असेल, तर मान मागे वाकली आहे. पहिल्या पाच-सहा फ्रेटवर खरखर आणि वर स्वच्छ, हे तुमचं लक्षण बहुतेक वेळा याचंच असतं.

यावर उपाय ट्रस रॉड. मानेच्या आत असलेली ही लोखंडी सळई घड्याळाच्या दिशेने फिरवली की घट्ट होऊन मान सरळ करते. उलट फिरवली की सैल होते आणि तारांचा ताण मानेला किंचित पुढे ओढतो. तुम्हाला उलट दिशेने, म्हणजे सैल करायची आहे. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. मग पुन्हा सुरात लावा, रात्रभर तशीच ठेवा आणि दुसऱ्या दिवशी परत मोजा, कारण लाकूड लगेच हलत नाही. पाना बरोबर मापाचा असल्याशिवाय हात लावू नका. आशियात बनलेल्या गिटारींना बहुधा ४ किंवा ५ मिलिमीटरचा एलन पाना लागतो. अमेरिकन गिटारींत १/८ किंवा ३/१६ इंचाचाही असतो. १/८ इंच म्हणजे ३.१८ मिलिमीटर, त्यात ३ चा पाना घालून जोर केला की कोपरे गोल होतात आणि मग पन्नास रुपयांच्या पान्यासाठी कारागिराचं मोठं बिल भरावं लागतं. रॉड पूर्ण सैल होऊनही मान मागेच असेल, किंवा फिरवताना करकर आवाज येऊन पाना अडत असेल, तर तिथेच थांबा आणि जाणकाराला दाखवा. अशा मानेवर पिकअपचा खर्च करू नये.

मान जागेवर आली की तारांची उंची, म्हणजे अ‍ॅक्शन. बाराव्या फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या तळापर्यंत मोजायचं: बारीक ई १.६ मिलिमीटर, जाड ई १.८ ते २. वेगवान वाजवणारे याहून खाली आणतात, पण तुम्ही लिहिलंय की मराठी भावगीतांच्या चाली गिटारवर वाजवता. त्यात मिंडीसारखं काम बेंड करून काढायचं असेल तर अ‍ॅक्शन फार खाली आणू नका. तार बाजूला ओढताना ती फिंगरबोर्डच्या गोलाईवरून चढते, अ‍ॅक्शन फार कमी असली की मधल्या फ्रेटला आपटते आणि सूर मधेच मरतो. जुन्या पद्धतीच्या ७.२५ इंच त्रिज्येच्या बोर्डवर हे जास्त होतं, ९.५ किंवा १२ इंचावर कमी. तुमचा बहुधा ९.५ असेल.

त्यानंतर इंटोनेशन, म्हणजे बाराव्या फ्रेटच्या पुढचा चढा सूर. स्ट्रॅटची लांबी २५.५ इंच, म्हणजे ६४८ मिलिमीटर, आणि बारावा फ्रेट बरोबर निम्म्यावर असतो. पण तार दाबली की ती ताणली जाऊन सूर किंचित चढतो. ही वाढ भरून काढायला प्रत्येक तारेचं सॅडल (ब्रिजवर ती जिथे टेकते तो तुकडा) थोडं मागे घ्यावं लागतं. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला बोट नुसतं टेकवून काढलेला सूर) आणि तिथेच दाबून वाजवलेला सूर ट्यूनरवर सारखा यायला हवा. दाबलेला चढा असेल तर सॅडल मानेपासून लांब, उतरा असेल तर मानेकडे. हे नव्या तारांवरच करायचं. गंजलेल्या, मळलेल्या तारेची जाडी सगळीकडे सारखी नसते, त्यामुळे कितीही फिरवलंत तरी जमणार नाही. तुम्ही चार वर्षांत तारा दोनदाच बदलल्यात, त्यामुळे हीच तक्रार निम्मी तारांची असू शकते.

आता सूर न टिकण्याबद्दल. लोक लगेच कीज बदलायला निघतात. लॉकिंग कीज दिसायला छान असतात, तार बदलायला सोप्या असतात, पण सूर उतरण्याचं कारण कीज असणं मी क्वचितच बघितलंय. दोष बहुतेक नटमध्ये असतो. मानेच्या टोकाला, पहिल्या फ्रेटच्या आधी खाचांची जी छोटी पट्टी आहे ती. स्वस्त गिटारींत ती साच्यातून काढलेल्या प्लास्टिकची असते आणि खाचा घाईत कापलेल्या असतात. खाच अरुंद असली की तार तिच्यात अडकते. की फिरवली तरी ट्यूनर हलत नाही, मग एकदम 'टिक्' असा आवाज येऊन सूर उडी मारतो. हा आवाज ऐकू येत असेल तर निदान झालंच म्हणून समजा. बेंड केल्यावर तार परत येताना तशीच अडकते आणि सूर चढा किंवा उतरा राहतो. जी तारेत हे सगळ्यात जास्त.

तात्पुरता उपाय म्हणजे २बी पेन्सिलचं टोक खाचेत घासून तिथे ग्राफाइट भरायचं. खरा उपाय म्हणजे हाडाचा किंवा चांगल्या कृत्रिम साहित्याचा नवीन नट, योग्य जाडीच्या कानशींनी कापून बसवलेला. खाचेची खोली तपासायची तर तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटवर बघा: तार जेमतेम न टेकता असावी, केसाएवढी फट. जास्त फट असेल तर एफ कॉर्ड कायम बेसूर वाजतो आणि बोटंही दुखतात. कित्येक जण वर्षभर स्वतःच्या बोटांना दोष देत बसतात, दोष खाचेत असतो.

खाचेचा उतार हा आणखी एक मुद्दा. तार खाचेच्या फिंगरबोर्डकडच्या कडेवरून सुटायला हवी आणि खाच तिथून कीजकडे उतरती हवी. खाच सपाट किंवा उलट्या उताराची कापली तर मोकळी तार सितारीसारखी झणझणते. मिरजेचे कारागीर तानपुऱ्याच्या घोडीवर घासून घासून जी जवारी काढतात, तीच ही. फक्त इथे ती कुणाला नको असते. नटचं काम स्वतः करायला जाऊ नका. कानशींचा पूर्ण सेट नटच्या मजुरीपेक्षा महाग पडतो आणि खाच एकदा जास्त खोल गेली की पट्टी फेकावी लागते.

ट्रेमोलो दांडी (ब्रिज हलवून सूर डोलवणारी) तुम्ही वापरत नाही असं लिहिलंय. मग ती काढून ठेवा, मागचं झाकण उघडा आणि ज्या लोखंडी पंज्याला स्प्रिंगा अडकवल्यात त्याचे दोन स्क्रू घट्ट करत जा, ब्रिज बॉडीवर सपाट टेकेपर्यंत. तीन स्प्रिंगांनी टेकत नसेल तर आणखी एक-दोन घाला. तरंगता ब्रिज असला की एक तार उतरवली तरी बाकीच्या पाच चढतात आणि एक तार ओढली की बाकीच्या उतरतात. टेकवलेल्या ब्रिजला हे होत नाही. हे करायला पैसाही लागत नाही, आणि हौशी वादकाच्या निम्म्या कटकटी इथेच संपतात.

गुणगुणीकडे वळू. सिंगल कॉइल पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली हजारो वेढ्यांची तार. ती तारेचं कंपन उचलते, तसंच घरातल्या वायरिंगचं ५० हर्ट्झचं क्षेत्रही उचलते. गिब्सनमध्ये सेथ लव्हर यांनी १९५५ च्या सुमारास हमबकर तयार केला तो यावरच तोडगा म्हणून: उलट दिशेच्या दोन कॉइल जोडायच्या, गुणगुण एकमेकांना खाते, सूर राहतो. त्यामुळे थोडी गुणगुण सिंगल कॉइलचा धर्मच आहे. पिकअप निवडायच्या तुमच्या पाच-वे स्विचवर दुसऱ्या आणि चौथ्या जागी ती कमी होते का बघा. मधला पिकअप उलट गुंडाळलेला असेल तर होते.

पण आवाज गुंऽऽ असा जाड नसून झ्झ्झ असा तीक्ष्ण असेल तर गुन्हेगार खोलीत आहे. गोल फिरणारा इलेक्ट्रॉनिक फॅन रेग्युलेटर, स्वस्त एलईडी दिवे, फोनचा चार्जर, स्क्वेअर वेव्हचा इन्व्हर्टर. पंखा बंद करून ऐका. फरक पडला तर तो रेग्युलेटर काढून टप्प्याटप्प्याचा कपॅसिटरवाला बसवा. पिकअपच्या तुलनेत फुकटात काम होतं.

आणि तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी होत असेल तर ते ठीक आहे, ब्रिजची ग्राउंड वायर जोडलेली आहे इतकाच त्याचा अर्थ. उलट हात लावल्यावर मुंग्या येत असतील, बारीक झटका बसत असेल, तर त्याच क्षणी प्लग काढा. अ‍ॅम्पला अर्थिंग मिळत नाही. कोकणातल्या जुन्या घरांत तीन पिनांचं सॉकेट असतं पण मागे अर्थची वायर कुठेच गेलेली नसते. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या अडॅप्टरमध्ये घालणं हे तर सर्रास. यात गिटारवाल्याचं काम नाही, वायरमनला बोलवा. ओल्या पावसाळ्यात, अनवाणी, शहाबादी फरशीवर उभं राहून वाजवणाऱ्याने हे पुढच्या महिन्यावर ढकलू नये.

अर्थिंग नीट आहे आणि तरी गुणगुण जास्त वाटते, तर पिकगार्डच्या आतल्या बाजूला आणि बॉडीच्या खोबणीत तांब्याची चिकटपट्टी लावून ती ग्राउंडला जोडा. पट्टीचा प्रत्येक तुकडा दुसऱ्याला विजेने जोडलेला आहे ना, हे मल्टिमीटरने तपासा. कित्येक पट्ट्यांचा गोंद वीज वाहू देत नाही, तिथे सोल्डरचा एक थेंब लागतो. यामुळे बाहेरची झ्झ्झ बरीच कमी होते, सिंगल कॉइलची मूळ गुंऽऽ मात्र जात नाही.

एवढं सगळं झाल्यावरही आवाज आवडला नाही तर पिकअपचा विषय काढा. त्याआधी एक स्क्रूड्रायव्हर घ्या आणि पिकअपची उंची बदलून बघा. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून जाड बाजूला साधारण २.४ आणि बारीक बाजूला २ मिलिमीटर अंतर ठेवा, तिथून कानाने कमी-जास्त करा. दोन-तीन फेऱ्यांत आवाज इतका बदलतो की कित्येकांचा खरेदीचा बेत तिथेच मावळतो. फार वर घेऊ नका. चुंबक तारेला खेचतो आणि वरच्या फ्रेटवर जाड तारेचा सूर डुलायला लागतो. तुमच्यासारख्या गिटारींत बहुधा लोखंडी खुंट्यांखाली सिरॅमिक चुंबकाची पट्टी असते, तिची ओढ कमी असते. अ‍ॅल्निकोच्या (एका चुंबकी मिश्रधातूच्या) खुंट्यांचे महागडे पिकअप घातलेत आणि ते जुन्या उंचीवरच ठेवलेत, तर ही तक्रार उलट वाढेल.

बदलायचेच असतील तर खरेदीआधी गिटार उघडून मोजमाप घ्या. स्वस्त गिटारींची बॉडी बऱ्याचदा पातळ असते, तिच्यात पूर्ण लांबीचा ट्रेमोलो ब्लॉक मावत नाही आणि उघड्या पद्धतीचा पाच-वे स्विच तळाला टेकतो. पॉटची भोकंही लहान असतात, अमेरिकन मापाचा पॉट बसवायला पिकगार्ड रुंदवावं लागतं. पॉट सिंगल कॉइलला २५० के (किलोओहम), हमबकरला ५०० के. व्हॉल्यूम कमी केल्यावर आवाज बोथट होत असेल तर व्हॉल्यूम पॉटवर १५० के रेझिस्टर आणि ६८० पिकोफॅरडचा कपॅसिटर समांतर लावा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत असे सुटे भाग चिल्लर पैशांत मिळतात. तारा जोडायला २५ वॉटची सोल्डरिंग आयर्न चालते, पण पॉटच्या पाठीवर ग्राउंडचं सोल्डर मारायला ती अपुरी पडते. लोक मग ती अर्धा मिनिट दाबून धरतात आणि आतला कार्बन ट्रॅक भाजतो. तिथे जास्त वॉटची आयर्न दोन सेकंद टेकवणं बरं.

बॉडीच्या लाकडावरून वाद घालणाऱ्यांना मी हल्ली उत्तर देत नाही. घरी लहान अ‍ॅम्पवर वाजवताना बासवूड की अल्डर याने जो फरक पडतो तो तारांचा संच, प्लेक्ट्रम आणि अ‍ॅम्पचा स्पीकर यांच्यापुढे किरकोळ आहे. हातात दहा हजार असतील तर मी पिकअपऐवजी चांगला छोटा अ‍ॅम्प किंवा ऑडिओ इंटरफेस आणि बऱ्यापैकी हेडफोन घेईन.

फिंगरबोर्डच्या लाकडाबद्दल मात्र बोलायला हवं, कारण ते तुमच्या अंगणातलं असू शकतं. २०१७ मध्ये शिसवीच्या सगळ्या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले आणि स्वस्त गिटारींचे बरेच कारखाने इंडियन लॉरेलकडे वळले. तयार वाद्यांना २०१९ मध्ये सूट मिळाली तरी लॉरेल टिकून राहिलं. इंडियन लॉरेल म्हणजे आपला ऐन. हे लाकूड पटकन कोरडं, पांढुरकं दिसायला लागतं. वर्षातून दोनदा तारा काढून फिंगरबोर्डच्या तेलाचे चार थेंब लावा, दहा मिनिटांनी पुसून घ्या. खोबरेल लावू नका, ते खवट होतं आणि चिकट थर धरतं. लॅकर केलेल्या फिकट मेपलच्या बोर्डला तेल लागतच नाही, ओलसर फडकं पुरे.

कोकणातल्या पावसाळ्याचं गणित वेगळं आहे. गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते, तुमच्याकडे जून ते सप्टेंबर ती सहज ८५ च्या वर असते. बाहेरच्या भिंतीवर गिटार टांगू नका. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. निळं जेल गुलाबी झालं की कढईत मंद आचेवर कोरडं करून पुन्हा वापरता येतं. वाजवून झालं की प्रत्येक तार वरून आणि खालूनही सुती फडक्याने पुसा. खारी हवा आणि घाम हे दोन्ही तारांचे वैरी. कोटिंगवाल्या तारा महाग असल्या तरी तुमच्या गावात परवडतात. ब्रिजच्या सॅडलमधले बारीक एलन स्क्रू दर पावसाळ्याआधी एकेक करून थोडे फिरवा आणि शिलाई मशीनच्या तेलाचा टाचणीच्या टोकाएवढा थेंब द्या, नाहीतर ते गंजून बसतात आणि अ‍ॅक्शन बदलायच्या वेळी आटे जातात. पॉट खरखरले तर आत काँटॅक्ट क्लीनर मारून वीस-तीस वेळा फिरवा. गंज काढायचा साधा स्प्रे तिथे वापरू नका, तो पॉटमधलं वंगण धुऊन टाकतो. मान पावसाळ्यात आणि पुन्हा दिवाळीनंतर एकदा मोजा. नागपूर-चंद्रपूरच्या मित्रांना याच्या उलट त्रास होतो: उन्हाळ्यात बोर्ड आकसतो, फ्रेटची टोकं बाहेर येतात आणि हात ओरखडतात. त्यांनी केसमध्ये ओलावा ठेवायचा, तुम्ही काढायचा.

यानंतरही नवी घ्यायची असेल तर यामाहा पॅसिफिका ११२, स्क्वायरच्या वरच्या श्रेणीतल्या, कॉर्ट, आयबानेझ यांपैकी ज्या दुकानात हातात घेऊन बघता येतील त्या बघा. ब्रिजजवळ एक हमबकर आणि पुढे दोन सिंगल कॉइल असलेली गिटार तुमच्यासारख्या सगळं थोडं थोडं वाजवणाऱ्याला सोयीची. बोटं आखूड असतील तर गिब्सनच्या लेस पॉल पद्धतीची २४.७५ इंच लांबी वाजवून बघा. तेवढ्याच सुराला तारा सैल लागतात, बेंड सोपे जातात. फ्लॉइड रोज (तारा दोन्ही टोकांना पक्क्या अडकवणाऱ्या तरंगत्या) ब्रिजवाली पहिल्या दहा वर्षांत घेऊ नका, तार बदलायला अख्खी संध्याकाळ जाते.

जुनी घेणं मला जास्त आवडतं, कारण हौस संपलेल्या माणसाची गिटार फारशी वाजलेली नसते. पोहोचलात की डोळा ब्रिजशी लावून दोन्ही कडांनी मानेकडे बघा, पिळली आहे का. मग ट्रस रॉडला पाव फेरा दोन्ही दिशांना द्यायची मालकाची परवानगी मागा. तो नाही म्हणाला तर निघा. पट्टीची सरळ कड तीन-तीन फ्रेटवर ठेवून डुगडुगते का बघा. डुगडुगली तर मधला फ्रेट उंच आहे, एखादा असेल तर चालेल, पाच-सहा असतील तर फ्रेट घासून समतल करण्याचा खर्च किमतीतून वजा करा. लेस पॉल पद्धतीची असेल तर डोकं जिथे मागे झुकतं तिथे नखाने चाचपा, तिथली भेग रंगाखाली लपवता येते. शेवटी जॅक हलवून बघा, सगळे पॉट फिरवा, पाचही जागी स्विच वाजवा. जॅक आणि पॉट खराब निघाले तर काळजी नको. ते बदलायला तासभर पुरतो आणि त्यांच्या नावाने घासाघीस मात्र चांगली करता येते.